निळ्या काठाची कनात

मित्रांनो, माझ्या अंगावरून हात फिरवलात तर बोटांना आधी टाके लागतील, कापड मागाहून. माझं वय विचारू नका. उन्हानं माझा लाल रंग आधी विटकरी केला, मग फिका केला. निळा काठ तेवढा अजून तग धरून आहे. मी मांडवाची कनात आहे. नाईल नदीच्या काठी फुव्वा नावाचं गाव आहे, तिथल्या हाजी मितवल्लींच्या, मांडव भाड्यानं देणाऱ्या दुकानात माझं सारं आयुष्य गेलं.

जन्म मात्र कैरोचा, तंबू शिवणाऱ्यांच्या गल्लीतला. उस्ताद हनफी भिंतीला पाठ लावून, मांडी घालून शिवायला बसत. आधी ते कागदावर नक्षी काढत, तिच्या रेघांवर सुईनं बारीक भोकं पाडत, तो कागद जाड कापडावर ठेवून वरून कोळशाची पूड चोळत. कागद उचलला की कापडावर काळ्या ठिपक्यांची कमळं उमटलेली असत. मग रंगीत कापडाचा एकेक तुकडा त्या ठिपक्यांवर ठेवायचा, त्याची कड सुईच्या टोकानं आत दुमडायची आणि टाका घालायचा. प्रत्येक कमळाच्या आधी उस्ताद देवाचं नाव घेत. एकदा विसरले, तर चार पाकळ्या उसवून पुन्हा शिवल्या.

शेजारचा कारागीर हसला. "अहो, कोण बघायला येणार आहे?"

"कमळ बघतंय की," उस्ताद म्हणाले.

अशा आम्ही चौघी बहिणी तयार झालो आणि हाजी मितवल्लींबरोबर रेल्वेनं फुव्व्याला आलो. मित्रांनो, ते दिवस काय सांगू! लग्न असो, बाळाचं बारसं असो, हजहून परतलेल्या यात्रेकरूचं स्वागत असो, आम्ही चौघी बांबूंवर चढलो की गल्लीचा राजवाडा व्हायचा. पण मला विचाराल तर सगळ्यांत गोड दिवस जत्रेचे. तेव्हा शेख ताहा गायला बसत. ते जन्मापासून आंधळे. हातात डफ, बाजूला बासरीवाला. एक ओळ गायची, थांबायचं, त्या ओळीवरून एखादी गोष्ट सांगायची, लोकांना हसवायचं, आणि हसू ओठांवर असतानाच अशी तान घ्यायची की डोळ्यांत पाणी यावं. उपदेश कधी पोटात गेला ते माणसाला घरी गेल्यावर कळायचं. "अल्लाह! अल्लाह!" अशी दाद उठली की मी बांबूवर थरथरायचे. वाऱ्यानं थरथरते असं हाजींना वाटायचं.

मग छापील कनाती आल्या. यंत्रावर छापलेली कमळं, हलकं कापड, भडक रंग. नवरीच्या आया म्हणू लागल्या, "हाजी, ती जुनी नको बाई, नवी लावा. फोटो छान येतात." हळूहळू लग्नं माझ्या हातून गेली, मग बारशी, मग जत्रा. माझ्या तीन बहिणी उंदरांनी आणि ओलीनं खाल्ल्या. त्यांचे धड तुकडे जोडून हाजींनी मला लांब केलं आणि एकाच कामाला ठेवलं. मयताच्या. सांत्वनाला येणाऱ्यांसाठी दारापुढे मांडव घालायचा, त्याला मी. काही वर्षांत गाव मला निळ्या काठावरून ओळखू लागलं. माझी घडी हातगाडीवरून जाताना दिसली की लोक विचारत, "कोण गेलं?"

मी तक्रार केली नाही. दुःखालाही आडोसा लागतो, आणि तो मी द्यावा अशी देवाची मर्जी असेल तर मी कोण नाही म्हणणारी? पण गाणं आठवायचं.

एका वसंतात बद्रियाबाई दुकानात आल्या. मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत. त्यांना मी नावानं ओळखत होते, कारण मयताच्या मांडवात बसलं की गावातलं सगळं कानांवर येतं. त्यांचा नवरा फतहल्ला अकरा वर्षांपूर्वी इराकला कामाला गेला. पहिली दोन वर्षं त्याच्या आवाजात भरलेल्या कॅसेटी यायच्या. मग बंद झाल्या. ना पत्र, ना निरोप, ना कुणी पाहिल्याची बातमी. कुणी सांत्वन करायला गेलं की बाई दारातच म्हणत, "तो येणार आहे." आणि चहासुद्धा न विचारता दार लावून घेत. शेवटी लोकांनी जायचं सोडलं.

"हाजी, मला मांडव हवाय," बाई म्हणाल्या. "पण द्यायला माझ्याकडे काही नाही."

हाजी दचकले. "बातमी आली की काय?"

"नाटक करायचंय."

बाईंनी नाटक लिहिलं होतं, गाण्यांचं. चाली शेख ताहांनी बांधल्या होत्या. शिवणवर्गातल्या पाच मुली त्यात काम करणार होत्या. सरकारी सभागृहवाल्यांनी सांगितलं होतं, पुढच्या वर्षी अर्ज करा. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या, शाळेत गाणी नकोत. मुलींच्या आयांनी एवढीच मोकळीक दिली होती की बद्रियाबाईंच्या दारापुढे करा, पण उघड्या गल्लीत नाही. तीन बाजूंनी आडोसा पाहिजे. आणि मुख्य काम करणारी नवारा पुढच्या आठवड्यात लग्न होऊन दमनहूरला जाणार होती.

"म्हणजे या गुरुवारी झालं तर झालं," बाई म्हणाल्या. "नाहीतर सात वर्षं लिहिलेली वही पेटीत जाईल. मग मी ती काढायची नाही, मला माहीत आहे."

हाजींनी डोकं खाजवलं. "नव्या कनाती गुरुवारी लग्नाला दिल्यात. ही एक आहे. पण बाई, हिला लोक ओळखतात हो."

"कापडाला काय ओळखायचं? कापड ते कापड."

"मी आपलं सांगितलं. न्या. खुर्च्याही न्या, तिसऱ्या रांगेतल्यांवर जाड माणूस बसवू नका म्हणजे झालं."

गुरुवारी दुपारी मी बाईंच्या दारापुढे उभी राहिले. दिव्यांची सोय नव्हती, म्हणून तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर, उन्हातच खेळ करायचा असं ठरलं होतं. सूर्य माझ्या पाठीशी होता. जिथे मी झिजले होते तिथून ऊन आत झिरपत होतं आणि रंगभूमीवर, म्हणजे बाईंच्या दोन जुन्या गालिच्यांवर, लाल-निळे कवडसे पडत होते. असला उजेड सभागृहात विकत घेऊनही मिळत नाही, असं बाई म्हणाल्या, आणि मी फुशारले.

नाटकातल्या नावाड्याची नाव म्हणजे पाववाल्याकडून आणलेला खजुरीच्या काड्यांचा मोठा, वरून उघडा पिंजरा. वल्हं म्हणजे भट्टीत पाव सारायचं लांब दांड्याचं फळकूट. नदी म्हणजे मुलींच्या आयांच्या सात निळ्या ओढण्या, दोन्ही टोकांना धरून हलवायच्या. बाई माझ्या मागे मुलींना मिशा चिकटवत होत्या. शेख ताहा डफ मांडीवर घेऊन मांडवाच्या तोंडाशी खुर्चीवर बसले होते.

आणि मित्रांनो, इथेच घोटाळा झाला.

हाजींच्या माणसांनी खुर्च्या हाताच्या सवयीनं लावल्या: दोन्ही बाजूंना, समोरासमोर, मयताला लावतात तशा. निळा काठ लांबूनही दिसत होता. बद्रियाबाईंचं दार. आणि तोंडाशी शेख ताहा, जे गावातल्या प्रत्येक मयताला कुराणपठण करायला बसत. अजून काय पाहिजे? समोरच्या कॉफीवाल्यानं रेडिओ बंद केला. शेजारच्या दुकानानं फळी अर्धी ओढली. ज्यानं त्यानं मनाशी ठरवलं, इराकहून शेवटी बातमी आली.

पहिले आले शिहाताकाका, किराणावाले. फतहल्लाला स्टेशनवर पोचवायला तेच गेले होते. त्यांनी शेखांचा हात दोन्ही हातांत धरला. "राहणारा एक अल्लाहच," ते म्हणाले आणि डोळे पुसत बसले. मग दुसरे आले, तिसरे आले. हळूच बसत होते, हात गुडघ्यांवर, ओठ हलत होते. मयताला साठ माणसं येतात तशी साठ आली. कॉफीवाल्यानं न सांगता, मयताला देतात तशा बिनसाखरेच्या कॉफीचे पेले फिरवले.

मागच्या बाजूला नवाराची आई धापा टाकत आली.

"बाई, वर तुमच्या घरात काय चाललंय?"

"काय चाललंय?"

"गल्लीभरच्या बायका काळे कपडे घालून बसल्यात! रडताहेत! मला म्हणाल्या, बिचारी बद्रिया कुठाय, तिला मिठी मारायची आहे."

बाईंनी मला दोन बोटांनी बाजूला केलं आणि बाहेर पाहिलं. त्यांची बोटं गार पडलेली मला कळली. त्या माझ्या आडूनच शेखांच्या पाठीमागे गेल्या.

"शेखबाबा, तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्याच हाताला कळलं, पोरी. नाटकाला येणाऱ्याचा हात असा थंड नसतो."

"मग सांगायचं नाही?"

"सांगणार होतो. पण शिहाता रडत आला. आलेल्या माणसाला दारातून परत लावणं मला उभ्या जन्मात जमलं नाही." त्यांनी डफावरून बोट फिरवलं. "आणि खरं सांगू? अकरा वर्षांत तुझ्या फतहल्लासाठी कुणी प्रार्थनेच्या दोन ओळी म्हणायला आलं का? तू येऊ दिलंस का?"

"तो येणार आहे."

"येऊ दे की. मी कुठे अडवतोय?"

बाई वळल्या. मला वाटलं, आता मला उतरवतील. गुरुवार गेला, नवारा गेली, वही पेटीत गेली. पण मागे जाऊन त्या म्हणाल्या, "नवारा, मिशी नीट दाब त्या पोरीची. ओढण्या घ्या. सुरू करायचं."

ओढण्या हलल्या. शेख ताहांनी डफावर थाप मारली आणि नवारा वल्हं घेऊन पिंजऱ्यात उभी राहिली.

त्या तीराला कोण उभं गं, या तीराला मी,
मधलं पाणी त्याच्या घरचं, त्याला काय कमी!

शिहाताकाका ताडकन उठले. त्यांच्या मांडीवरचा पेला खाली पडला.

"अरे, लाज नाही वाटत? मयताच्या मांडवात गाणं? शेख ताहा, तुम्हीसुद्धा? त्याची माती कुठल्या वाळवंटात पडली ते माहीत नाही, आणि इथे ढोल वाजवता?"

साठ माणसं एकदम कुजबुजली. नवाराचं वल्हं हातातच राहिलं. बद्रियाबाई माझ्या मागून बाहेर आल्या. दंडावर अजून मिशी चिकटवायच्या डिंकाचा डाग होता.

"काका, बसा. इथे कुणी मेलेलं नाही. हे नाटक आहे."

"नाटक?"

"मी लिहिलंय. मांडव हाजींनी दिला, हाच एक मोकळा होता. माझी चूक झाली."

"म्हणजे बातमी आली नाही?"

"नाही."

"मग तो जिवंत आहे?"

अकरा वर्षं या प्रश्नाला बाईंचं एकच उत्तर होतं. सगळं गाव ते पाठ म्हणू शकलं असतं. त्यांनी ओठ उघडले, मिटले. मी त्यांच्या पाठीला लागून होते म्हणून मला कळलं, त्यांनी माझा काठ मुठीत धरला होता.

"मला माहीत नाही, काका," त्या म्हणाल्या.

शिहाताकाका उभेच होते. खाली पडलेल्या पेल्याकडे बघत होते.

"आणि आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना म्हटली, तिचं काय?"

"ती राहू द्या. जिथे असेल तिथे पोचेल. जिवंत असला तरी लागेलच की."

काकांनी उपरण्यानं नाक पुसलं. मग आपली खुर्ची उचलली आणि गालिच्यांकडे तोंड करून ठेवली. "कॉफी तर पिऊन झालीच आहे," ते म्हणाले. "बघू दे तरी, पोरगी काय लिहितेय ती."

मग एकेक करत साठ खुर्च्या वळल्या. तिसऱ्या रांगेतली एक मोडली आणि जाड कासारदादा खाली बसले, पण हसायला कुणाचं धाडस होईना. वरच्या बायका काळ्या कपड्यांतच जिना उतरून मागे येऊन उभ्या राहिल्या.

नाटक असं होतं. एक नावाडी धुक्यात पलीकडे जातो आणि परत येत नाही. त्याची लेक वल्हं हातात घेते. नावेत बसणारा प्रत्येक जण तिला बापाची नवी बातमी सांगतो. अंडीवाला झालेली मिशीवाली मुलगी म्हणाली, "तुझा बाप? पलीकडे पाशा झालाय तो! रोज सकाळी बदकांकडून सलाम घेतो. एका बदकानं केला नाही, तर त्याला बडतर्फ केलं!"

लोक हसू दाबून बसले होते. पहिले खुदकन हसले ते शिहाताकाकाच. मग सगळा मांडव फुटला. मयतासाठी आणलेलं रडू आणि हे हसू इतकं मिसळलं की कुणाच्या गालावरचं पाणी कशाचं, ते माझ्यासारख्या जुन्या कनातीलाही सांगता आलं नसतं. गाण्याला दाद येऊ लागली. "अल्लाह! अल्लाह!" कित्येक वर्षांनी मी थरथरले, आणि त्या दिवशी वारा मुळीच नव्हता.

आता शेवटचा प्रवेश. बाईंच्या वहीत बाप परत येत असे. ठरलं असं होतं की नवारा किनाऱ्याला एकटी उभी असताना शेख ताहांनी माझ्या मागे येऊन बापाची हाक गायची. "लेकी, नाव लाव गं!" तालमींत मुली दर वेळी इथे रडल्या होत्या.

शेख मागे आले. तोंड माझ्या कापडाला लावून त्यांनी श्वास भरला. तो गरम श्वास अजून माझ्या टाक्यांत आहे. तेवढ्यात बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज नको, शेखबाबा."

"मग पोरगी काय करील? तिला पुढचं सांगितलेलं नाही."

"मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

शेखांनी श्वास सोडून दिला.

पलीकडे नवारा थांबली होती. हाक येईना. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. पाहणाऱ्यांना वाटलं ती नदीकडे बघतेय. ओढण्या धरणाऱ्या मुलींचे हात दुखायला लागले आणि नदी हळू झाली. मग नवारानं वल्हं दुसऱ्या हातात घेतलं, ओढणी कमरेला खोचली आणि तोंडाला येईल ते म्हणाली:

"चला, पलीकडे कोण येतंय? नाव रिकामी आहे!"

शिहाताकाका उठले. काठी टेकत गालिच्यावर आले, चपला काढल्या, आणि पिंजऱ्यात जाऊन गुडघे पोटाशी घेऊन बसले. पिंजरा करकरला. "हळू घे, बाळ," ते म्हणाले, "मला पोहता येत नाही." नवारानं वल्हं मारलं. नदी पुन्हा वाहू लागली.

नाटक तिथेच संपलं. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणाला ठरवता येईना, काहींनी वाजवल्या. मांडवाच्या तोंडाशी बद्रियाबाई उभ्या राहिल्या आणि लोक रांगेनं हात मिळवून बाहेर पडले. कुणी म्हणालं "मुबारक", कुणी "देव धीर देवो", कासारदादा दोन्ही म्हणाले. बाईंनी प्रत्येकाला घरात चहाला या म्हणून सांगितलं. बायका तर आधीच वर जाऊन बसल्या होत्या.

नवारा दमनहूरला गेली. बाईंनी पुढेही नाटकं केली, दर वसंतात एक. हाजी विचारायचे, "छापील देऊ का या वेळी?" बाई म्हणायच्या, "नको, मग कोण येणार?" फतहल्लाची बातमी आली का, असं तुम्ही विचाराल. माझ्या कानांवर तरी आली नाही. बाईंच्या दाराला मात्र दिवसा कडी लागलेली मी पाहिली नाही.

हाजी गेले तेव्हा त्यांच्या मांडवाला मीच होते. आता दुकान त्यांच्या जावयाकडे आहे. मी माळ्यावर असते, खुर्च्यांवर धूळ बसू नये म्हणून अंथरलेली. एका कोपऱ्यात उंदरांनी सुरुवात केली आहे, उस्ताद हनफींच्या एका कमळापर्यंत ते पोचलेत.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी असेल. तिला ओली घडी घालू नका. एक दिवस उन्हात पसरा, मगच गुंडाळा. उसवलं असेल तिथे एक टाका घाला, फार वेळ लागत नाही. आणि कुणाच्या दारापुढे ती उभी दिसली तर बाहेरून जाऊ नका. आनंद आहे की दुःख, हे आधी विचारत बसू नका. आत या, खुर्ची ओढा, बसा. कशासाठी आलात ते कुणीतरी सांगेलच.